सकाळी सातचा आकडा

इफ्राने रॅमची दुसरी पट्टी खाचेत बसवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट् असा आवाज झाला, तसे शेजारी उभे असलेले एकनाथराव दचकले.

"सर, तुम्ही कशाला घाबरताय?" ती हसत म्हणाली. "तुमचं मशीन तिकडं सुखरूप आहे की."

तुमचं मशीन म्हणजे कोपऱ्यातला पिवळा पडलेला डबा. ट्रस्टच्या या धर्मादाय दवाखान्यातला प्रत्येक केसपेपर गेली सत्तावीस वर्षं एकनाथरावांनी लिहिलेल्या एकाच प्रोग्रॅमवर निघत होता. मध्ये एकदा डबा बदलला होता, प्रोग्रॅम तोच राहिला. एकतीस तारखेला एकनाथराव निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर इफ्रा आली होती. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं होतं, पण जुनी माहिती नव्यात नीट उतरते का हे आधी कुठंतरी करून बघायला हवं होतं. तिने त्यासाठी तीन कॉम्प्युटर मागितले. ट्रस्टने उदार मनाने एक दिला.

"हरकत नाही, एकातच तीन खोटे कॉम्प्युटर बसवते," इफ्राने झाकणाचे स्क्रू आवळले. "एकात तुमचा जुना प्रोग्रॅम, दुसऱ्यात नवीन, तिसरा म्हणजे बाहेरची केसपेपरची खिडकी. तिघांनी आपसात बोलायचं, बाहेर कुणाशी नाही."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडवायलाच तर करतोय, सर. आधी स्नॅपशॉट घ्यायचा. म्हणजे आत्ता जसं आहे तसं साठवून ठेवायचं. मग वाट्टेल ते करा. एक बटण दाबलं की परत पहिल्यासारखं."

एकनाथराव मान हलवत राहिले. त्यांना तिचं कौतुक वाटत होतं आणि धास्तीही.

"तुमच्या मशीनची डिस्क मी अख्खीच्या अख्खी उतरवून घेतलीय," ती पुढे म्हणाली. "हुबेहूब."

हुबेहूब म्हटल्यावर त्यात कुलूपही आलंच.

त्या कुलपाची गोष्ट जगात एकट्या एकनाथरावांना माहीत होती. अठ्ठ्याण्णव साली ते हंगामी होते. बायकोला, सरोजिनीला, सातवा महिना लागला होता, आणि तेव्हाचे सेक्रेटरी एकदा सहज म्हणाले, प्रोग्रॅम पूर्ण झाला की तुमचं काम संपलं. त्याच आठवड्यात त्यांनी प्रोग्रॅमच्या दारातच अडसर घातला. रोज पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काळा व्हायचा. त्यावर काही लिहून यायचं नाही. तिथं आजची तारीख गुणिले महिना, अधिक सतरा, एवढा आकडा टाकायचा. नाही टाकला तर 'फाईल सापडत नाही' असं म्हणून प्रोग्रॅम बंद. दोन वर्षांनी त्यांना कायम केलं. भीती गेली, पण कुलूप राहिलं. ते काढायला लागणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉपीला बुरशी लागली होती. चालत्या मशीनमध्ये हात घालून बघावं, तर मशीन एकच आणि दाराशी पेशंटची रांग. करून बघायला दुसरी जागाच नव्हती.

मग रोज सकाळी सात. किल्ली घेऊन वॉचमन शरणप्पा यायचा, एकनाथराव आत जाऊन दार लावायचे, आकडा टाकायचे आणि दार उघडायचे. रविवार असो, दिवाळी असो, अंगात ताप असो. दवाखान्यात या प्रकाराला 'काकांची पूजा' असं नाव पडलं होतं.

"पूजा झाली की काका?" शरणप्पा विचारायचा, आणि तेही हसायचे.

आकडा फोनवर कुणाला सांगता आला नसता. कसला आकडा, कुणी बसवला, कशासाठी, हे सगळं निघालं असतं. कधीही रजा न घेतल्याबद्दल ट्रस्टने त्यांना दोनदा शाल आणि नारळ दिला होता. त्या शालीसकट तोंड कुठं लपवायचं? लेकीच्या, इंद्रायणीच्या लग्नादिवशी ते हळदीचे हात घेऊन इथं आले होते. ती आता नाशिकला असते. सरोजिनी चारदा जाऊन आली, एकनाथरावांनी लेकीचं घर अजून पाहिलेलं नाही.

आणि नऊ वर्षांपूर्वीचा तो रविवार. सरोजिनी गावी, करकंबला, सासूच्या उशाशी होती. पहाटे साडेपाचला तिचा फोन आला, "लगेच निघा. आई तुमचंच नाव घ्यायलाल्यात." त्यांनी सांगितलं, "दवाखाना उघडून निघतो." साडेसातची एसटी धरली. घरी पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते, आई साडेनऊला गेली होती. सरोजिनीने त्यावर आजवर एक शब्द काढलेला नाही.

दुपारी तीनला नक्कल तयार झाली. इफ्राने स्नॅपशॉट घेतला.

"करू का चालू, सर?"

"जरा चहा सांगून ये की आधी."

"आत्ताच झाला की चहा."

तिने चालू केलं. नव्या स्क्रीनच्या मधोमध एक छोटी चौकट उघडली आणि त्या चौकटीत त्यांचा जुना कॉम्प्युटर जागा झाला. तेच हिरव्या माळरानाचं चित्र, तीच मोठी अक्षरं. तिने प्रोग्रॅमवर दोनदा टिचकी मारली. चौकट काळी झाली.

"हे काय, काळंच झालं."

"थांब, मी बघतो," म्हणत एकनाथरावांनी कीबोर्डकडे हात नेला. तो पोचायच्या आत तिने एन्टर दाबलं होतं.

केसपेपरचं निळं पान उघडलं. पेशंटचं नाव, गाव, वय. कर्सर लुकलुकत होता.

"काय टाकलंस?"

"काहीच नाही. नुसतं एन्टर."

"परत कर. ते पहिल्यासारखं कर."

तिने स्नॅपशॉटवर आणून ठेवलं. या खेपेला एकनाथराव स्वतः खुर्चीत बसले. काळ्या चौकटीत त्यांनी मुद्दाम चार वेळा एक टाकला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या बोटांनी चुकीचा आकडा दाबला होता. निळं पान उघडलं. त्यांनी पुन्हा मागे न्यायला लावलं आणि आपलं नाव टाकलं. तरीही उघडलं.

"नकलेत काहीतरी राहून गेलंय," ते म्हणाले.

"नाही सर. सगळी डिस्क आहे."

"ईके डॅट म्हणून एक फाईल आहे. शोध."

तिने शोधली. नव्हती. मग उठून कोपऱ्यातल्या खऱ्या डब्यावर शोधली. "इथंही नाही, सर. काय होतं त्यात?"

एकनाथरावांना दोन हजार अकरा आठवत होतं. जुना डबा बंद पडायला आला म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी प्रोग्रॅमचं फोल्डर नव्यावर आणलं होतं. कुलपाचं गणित ज्या फाईलीत होतं ती मात्र त्या फोल्डरमध्ये नव्हतीच. कुणाला सापडू नये म्हणून त्यांनीच ती भलतीकडे दडवली होती. ती जुन्या डिस्कबरोबर भंगारात गेली. आणि फाईल मिळाली नाही तर काय करायचं, हेही त्यांनीच लिहून ठेवलं होतं. आता ती ओळ लख्ख आठवली. फाईल नसेल तर कुणाला अडवू नये. दुधनीहून, मंद्रूपहून पहिल्या गाडीने माणसं येतात, आपल्या भांडणात त्यांचे हाल कशाला, असं त्या एकतीस वर्षांच्या पोराच्या मनात आलं होतं. धाक आठवणीत राहिला, ही दया ते साफ विसरून गेले होते.

म्हणजे चौदा वर्षं ते उघड्या दाराला किल्ली लावत होते. करकंबहून फोन आला त्या दिवशी कुलूप जाऊन पाच वर्षं झाली होती.

"सर, पाणी देऊ?"

"नको."

इफ्राने हळू आवाजात विचारलं, "दार लावून तुम्ही रोज काय करायचा, सर?"

"पूजा," एकनाथराव म्हणाले.

तिने तिन्ही चौकटी एकेक करून बंद केल्या.

निघताना ते दारात थांबले. "उद्या तू उघड. त्या खऱ्या मशीनवर. काळं झालं की एन्टर दाब. अडलं तर लगेच फोन कर, मी घरीच आहे."

दुसऱ्या दिवशी सात वाजले तरी एकनाथराव बनियनवर खुर्चीत बसून होते. सरोजिनीने चहा आणून ठेवला आणि कपाळाला हात लावून बघितला.

"अहो, सात झाले की. बरं न्हाय का?"

"बरा हाय."

"मग?"

"आज जात न्हाय."

ती गोंधळून आत गेली. फोन त्यांनी मांडीवर ठेवला होता. आठला खिडकी उघडते. आठ वाजले. आजवर त्यांनी सुटकेशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि आता मात्र फोन वाजावा, असं त्यांना जिवाच्या आकांताने वाटत होतं. वाजू दे. इफ्रा म्हणू दे, सर, उघडत नाही, लवकर या. कुलूप खरं असू दे. लाज जाऊ दे, शाल परत मागू देत, पण त्या रविवारी थांबणं भाग होतं एवढं खरं ठरू दे. आठ वाजून दहा झाले. वीस झाले. चहावर साय धरली.

शेवटी त्यांनीच फोन लावला. पलीकडे रांगेचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी कानडीत जोरजोराने वय सांगत होतं.

"सर, सगळं व्यवस्थित चाललंय," इफ्रा म्हणाली. "तेवीस पेपर निघाले. तुम्ही निवांत राहा."

फोन ठेवला तेव्हा सरोजिनी पदराला हात पुसत दारात उभी होती. तिने ऐकलं होतं, आणि तिला हसू फुटलं. कितीतरी वर्षांनी नवरा सकाळचा घरात सापडला होता.

"म्हंजे तुमच्याबिगर उघडतो की हो दवाखाना!"

एकनाथरावांनी शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं आणि जागा मोकळी केली.

"व्हय," ते म्हणाले. "बस जरा. आई गेली त्या दिवसाचं तुला सांगायचंय."