भाड्याचा कोट आणि धरून ठेवलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. रंग गडद निळा, अस्तर राखाडी. कॉलरच्या आतल्या बाजूला एक लहानसा डाग आहे, पण तो सहसा कुणाला दिसत नाही. मी भाड्याने जातो. भाड्याचा कोट म्हटले की लोक नाक मुरडतात. मुरडू देत. स्वतःच्या मालकाच्या कपाटात लोंबकळणारे कोट वर्षातून दोनदा उजेड पाहतात. मी मात्र जग पाहिले आहे. निदान मुलाखतीच्या खोल्या तरी पुष्कळ पाहिल्या आहेत.

मला शिवले मास्तरांनी. एका वकीलबाईंनी मला शिवायला टाकले आणि त्या न्यायला आल्याच नाहीत. मास्तरांनी बरीच वाट पाहिली आणि शेवटी मला दुकानाच्या दाराशी टांगून ‘भाड्याने मिळेल’ अशी चिठ्ठी लावली. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. पण मला घालून गेलेली पहिलीच मुलगी नोकरी घेऊन परत आली. मास्तर माझ्या खांद्यांवरून ब्रश फिरवत म्हणाले, की हा कोट चांगल्या पायगुणाचा आहे. कोटाला पाय नसतात हे मलाही ठाऊक आहे, पण स्तुतीत कुणी खोड काढते का? त्या दिवसापासून मी ताठ लटकू लागलो.

आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक बिझनेस स्कूल आहे. पदवी घेतलेली, चार वर्षे नोकरी केलेली माणसे तिथे पुन्हा विद्यार्थी व्हायला धडपडतात. आत शिरणे सोपे नाही. आधी परीक्षा असते. तिला मी जात नाही, कारण परीक्षा संगणकावर होते आणि संगणक कोट बघत नाही. मग अर्ज, आणि त्यात ‘मला हे का शिकायचे आहे’ यावर निबंध. मग शिफारसपत्र, तेही ज्याला सोडून जायचे त्याच साहेबाकडून गोड बोलून मागायचे. एवढ्यातून जे तरतात त्यांना गटचर्चेचे आणि मुलाखतीचे बोलावणे येते आणि मग सगळ्यांना माझी आठवण होते.

गटचर्चा म्हणजे काय ते सांगतो. आठ-दहा जणांना एका टेबलाभोवती बसवतात, एक विषय देतात आणि परीक्षक भिंतीशी जाऊन बसतात. पुढच्या क्षणी मासळीबाजार. प्रत्येकाला वाटते, जो जास्त बोलेल तो आत जाईल. परीक्षक मात्र कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो तेही टिपत असतात. मला हे कधीच कळले आहे, पण सांगणार कसे? फार झाले तर मी काखेत जरा आवळून बघतो.

ज्या वर्षाची गोष्ट मला सांगायची आहे, त्या वर्षी मला लागोपाठ दोन दिवस दोघी जणींनी नेले. पहिल्या दिवशी बँकवालीने. ती एका बँकेत कर्जविभागात होती, हुशार आणि चटपटीत. मुलाखतीत तिघांनी तिला उलटसुलट विचारले, पण तिचे उत्तर कुठे अडले नाही. बाहेर आल्यावर ती जिन्यात बसली आणि माझ्या बाहीने तिने कपाळाचा घाम पुसला. ते फक्त मला कळले.

दुसऱ्या दिवशी भिंगवाली. शेजारच्या गल्लीत तिच्या बाबांचा चष्म्याची भिंगे घासून देण्याचा छोटा कारखाना होता. मास्तरांचा चष्माही तिथलाच. बाबांचे हात आता कापू लागले होते, म्हणून सकाळचे काम तीच बघायची. तिची मापे बँकवालीसारखीच, फक्त हात आखूड. मास्तरांनी माझ्या बाह्या आत दुमडून कच्चे टाके घातले. हे तिचे प्रयत्नाचे तिसरे वर्ष होते आणि तिने घरी शब्द दिला होता की शेवटचे. इथे प्रवेश मिळाला तर शिकता शिकता सकाळी कारखाना चालवता येणार होता. नाही मिळाला, तर दुसऱ्या शहरातल्या भिंगांच्या कंपनीत तिची नोकरी ठरली होती. ती गेली की कारखान्याला कुलूप.

मुलाखतीत एका बाईंनी तिला विचारले, की तुम्ही बाबांचा धंदा वाचवायला शिकताय की त्यातून सुटायला? माझे अस्तर तिच्या पाठीला चिकटले. मग ती म्हणाली, “खरं सांगू? दोन्ही वाटतं. रोज वेगळं वाटतं.” एका परीक्षकाच्या चेहऱ्यावर हसू आले. दुसऱ्याने कागदावर काहीतरी लिहिले आणि ते मात्र मला आवडले नाही.

निकाल लागला तेव्हा बँकवालीचे नाव यादीत होते. भिंगवालीचे प्रतीक्षा यादीत होते, पहिल्या नंबरावर. ती मास्तरांच्या चष्म्याची दांडी बसवून द्यायला आली, तेव्हा मास्तर खूश होऊन म्हणाले की पहिला नंबर म्हणजे प्रवेश झालाच. तिने मान हलवली. ही यादी म्हणजे दारात उभे राहणे आहे, असे तिने त्यांना समजावले. आतले कुणी बाहेर आले तर बाहेरचे आत जाणार. आणि आत जाऊन कुणी बाहेर कशाला येईल?

येतात, मित्रांनो. ज्यांना दोन ठिकाणी प्रवेश मिळतो ते येतात. पण लगेच येत नाहीत.

काही दिवसांनी बँकवाली स्वतःचा नवा कोट शिवायला आली. मला थोडे वाईट वाटले, पण ते असो. तिला दूरच्या, अधिक नावाजलेल्या स्कूलमध्येही प्रवेश मिळाला होता आणि ती तिकडेच जाणार होती. मापे देता देता तिने सांगितले की इथलीही जागा पैसे भरून धरून ठेवली आहे. तिचा दादा म्हणाला होता, हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये. तिकडे वर्ग सुरू झाले की इकडे कळवू, घाई काय आहे?

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या नसत्या तरी ते बोलले नसते. एका गिऱ्हाइकाचे दुसऱ्याला सांगायचे नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. शिंप्याला लोकांच्या अंगाचे सगळे कळते, म्हणून त्याने तोंड शिवून ठेवावे, असे ते म्हणत. त्या आठवड्यात ते माझ्यासमोरून कितीदा तरी येरझाऱ्या घालत होते. मी हँगरवरून बघत होतो. दोघींच्या छातीची धडधड मी ऐकलेली, आणि एकीला नको असलेली जागा दुसरीला हवी आहे हे मला ठाऊक. पण कोटाला खिसे असतात, तोंड नसते.

शनिवारी सकाळी बँकवाली नव्या कोटाच्या ट्रायलला आली. मास्तरांनी एक बाही टाचली. मग तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून उशीला टोचल्या.

“ताई, तुम्ही ती जागा अडवून ठेवलीय ना, त्या जागेसाठी यादीत पहिली उभी आहे ती आमच्या शेजारच्या गल्लीतली पोरगी आहे,” ते म्हणाले. “हाच निळा कोट घालून गेली होती. तुमच्यानंतर दुसऱ्या दिवशी.”

बँकवालीने माझ्याकडे पाहिले. दादाला विचारते वगैरे काही ती म्हणाली नाही. एक बाही टाचलेली, दुसरी नाही, अशी उभ्या उभ्याच तिने फोन काढला, जागा सोडत असल्याचे स्कूलला कळवले आणि मास्तरांना दाखवले. मास्तरांना कोण आनंद झाला. त्यांनी लगेच भिंगवालीला बोलावून घेतले. ती हातावर भिंगांची पांढरी भुकटी घेऊनच धावत आली आणि तिथूनच तिने प्रवेशाच्या कचेरीत फोन लावला.

तिने सांगितले कमी, ऐकले जास्त. मग तिने फोन खाली ठेवला. जागा सुटली हे खरे होते. पण प्रतीक्षा यादी काल संध्याकाळी बंद झाली होती. नियमाने आता कुणालाच घेता येत नव्हते, पहिल्या नंबरालाही नाही.

मास्तर मटकन स्टुलावर बसले. एक दिवस आधी बोललो असतो तर, एवढेच ते पुटपुटत राहिले. बँकवालीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. भिंगवाली तिला म्हणाली, “रडू नका. तुम्हाला काय माहीत, मी आहे म्हणून?”

“कुणीतरी असणार हे माहीत होतं मला,” बँकवाली म्हणाली. “फक्त कोण ते माहीत नव्हतं.”

भिंगवालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि नव्या कोटावर पांढरी भुकटी लागली. मग कंपनीला होकार कळवायचा आहे म्हणून ती निघून गेली. वाईट माणूस त्या दुकानात कुणीच नव्हते, मित्रांनो. म्हणूनच मला ते जास्त लागले.

थंडी पडली तेव्हा त्याच स्कूलमधली एक विद्यार्थिनी मला घेऊन गेली. त्या दिवशी वर्गात सादरीकरण होते आणि कोट सक्तीचा होता. वाटेत भिंगांचा कारखाना लागला. दाराला कुलूप होते. वर्गात हीटर जोरात चालू होता, म्हणून आपली पाळी झाल्यावर तिने मला काढले आणि शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर अडकवले. खुर्चीत पिशव्यांचा ढीग होता. सगळ्यांच्या समोर नावाच्या पाट्या होत्या, तिथे नव्हती. नवे सर शिकवायला आले, त्यांनी विचारले की इथे आज कोण गैरहजर आहे? ती म्हणाली, “कुणी नाही, सर. ती पहिल्या दिवसापासून रिकामीच आहे. आम्ही सामान ठेवतो.”

मग मला कळले मी कुठे आहे ते. याच जागेसाठी दोघी जणी मला घालून घामाघूम झाल्या होत्या, आणि शेवटी तिच्यावर बसायला मिळाले मला. सर लहान कारखाने का बंद पडतात ते शिकवत होते. तासभर मी ताठ बसून ऐकले, पण मला त्यातले अक्षरही कळले नाही. भिंगवालीला सगळे कळले असते.

मी आता विरलो आहे. कोपरे पांढरे पडले आहेत आणि मास्तर मला क्वचितच बाहेर काढतात. पण मला जपा असे मी म्हणणार नाही. मी शेवटी एक कापड. तुम्ही उद्या मोठे व्हाल, हुशार निघाल, एकाच वेळी दोन दारे तुमच्यासाठी उघडतील. ज्या दाराने जायचे नाही, ते त्याच दिवशी दुसऱ्यासाठी मोकळे करा. तिथे कुणीतरी उभे असतेच. ते कोण, हे कळायची वाट बघू नका.