बुटातलं बूच

जुरांदिरचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता. त्याला फुटबॉल शिकवणाऱ्या एराल्दो मास्तरांनी त्यावर इलाज केला आणि तिथेच सगळ्याचा विचका झाला.

ब्राझीलमधल्या काशोएरा गावच्या नदीकाठी, लाल मातीच्या मैदानावर जुरांदिर चेंडू घेऊन निघाला की बघणाऱ्यांचे खांदे आपोआप हलू लागत. उजवा पाय ठाम पडायचा, डावा किंचित उशिरा. त्या उशिरातच सगळी गंमत होती. अडवायला आलेला गडी नेमक्या ठेक्यावर पाय टाकायचा आणि हा पठ्ठ्या त्याला तिथेच उभा करून पलीकडे गेलेला असायचा. सामन्याआधी तो काडेपेटीवर बोटांनी सांबा नाचाचा ठेका वाजवत बसे. शनिवारी अंगणात गाण्याबजावण्याची बैठक जमली की मोठा ढोल त्याच्याकडे. मास्तर खुळ्यासारखे हे सगळं नुसतं बघत राहिले, ऐकलं कधीच नाही.

जुरांदिरला एकोणिसावं लागलं तेव्हा साल्व्हादोरच्या एका मोठ्या क्लबची माणसं निवडीला येणार असं ठरलं आणि मास्तरांना घोर लागला. लंगडत चालणाऱ्याला कोण घेणार? ते गुपचूप चांभाराकडे गेले आणि डाव्या बुटात, आतल्या चामड्याखाली, बुचाचा थर बसवून घेतला. पोर मनाला लावून घेईल म्हणून त्याला काही सांगितलं नाही. बूट पुसूनबिसून स्वतः त्याच्या हातात दिले.

त्या दिवशी जुरांदिर शाळेच्या कवायतीत चालावं तसा सरळ चालला आणि पहिल्याच वळणावर स्वतःच्या पायात पाय अडकून पडला. मग आणखी दोनदा पडला. पाहुणे अर्ध्या तासात उठले. गाव म्हणालं, घाबरलं बिचारं. मास्तरांनीही मान डोलावली. बूच घातल्याचं दुःख होतंच, पण ती डोलावलेली मान त्यांना बावीस वर्षं खात राहिली.

जुरांदिर चिरुटाच्या कारखान्यात लागला. मास्तर थकले. यंदा डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं, तेव्हा त्यांनी ठरवलं की हे ओझं वर न्यायचं नाही. शनिवारी दुपारी काठी टेकत ते जुरांदिरच्या अंगणात गेले. चुलीवर काळ्या घेवड्याचं कालवण रटरटत होतं. जुरांदिर एकटाच ढोलाचं कातडं ताणत बसला होता.

"जुरांदिर," मास्तर उभ्यानेच म्हणाले, "तू त्या दिवशी घाबरला नव्हतास. तुझ्या बुटात मी बूच घातलं होतं."

जुरांदिरचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे, मास्तर."

"कधीपासून?"

"पाय घातला तेव्हापासून. आपल्या पायाखाली काय आहे ते कळत नाही होय माणसाला?"

"मग काढलं का नाहीस रे?"

"तुम्ही घातलंय म्हणजे भल्यासाठीच असणार, म्हटलं. मला वाटलं, माझाच पाय चुकतोय."

शिव्या खायच्या तयारीने आलेले मास्तर मटकन स्टुलावर बसले. त्यांना रडू आवरेना. जुरांदिरने खिशातून काडेपेटी काढून त्यांच्या हातात कोंबली. "रडू नका, लोक म्हणतील मी मारलं तुम्हाला. जेवायला वेळ आहे, तोवर वाजवा."

मग त्याने ढोल मांडीशी घेतला. उजवा हात ठाम पडला, डावा किंचित उशिरा. मास्तरांची बोटं काडेपेटीवर पुन्हा पुन्हा चुकत होती. पुढे घाई करत होती. एकदा मात्र ती थांबली, त्या उशिराची वाट पाहिली आणि बरोबर पडली.

"हां, अस्सं," जुरांदिर म्हणाला.

मास्तरांनी काडेपेटी खाली ठेवली. दहा वर्षं दर रविवारी ते या पोराच्या इतकेच जवळ, मैदानाच्या कडेला उभे असायचे, आणि हा ठेका त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आला होता.