चालतं धुराडं

“मी पडले नव्हते. बसले होते,” सायमा म्हणाली.

“बर्फात?” रुडीनं विचारलं.

“मग काय, तिथं कुणी खुर्ची मांडून ठेवली होती?”

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात कॉफीचं मोठं भांडं रटरटत होतं. सायमाच्या खांद्यांवर कुणीतरी शाल टाकली होती, पुढ्यात वेलदोड्याच्या पावाचा तुकडा ठेवला होता. तिला त्याचा वाससुद्धा सहन होत नव्हता. डोकं घण घातल्यासारखं ठणकत होतं. हे रुडीला सांगण्याची तिला काही गरज वाटली नाही. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसून तिची वेणी ओढायचा. आता चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता. सकाळी त्यानंच तिला मागच्या वाटेवरून उचलून आणलं होतं, त्यामुळे आज तो जरा जास्तच अध्यक्ष झाला होता.

“ती वाट बंद,” रुडी म्हणाला. “पुढचं आवार भाड्याचा ट्रक साफ करेल. मागची वाट लागेल तेव्हा उघडू. आजपासून तिथं साखळी.”

“साखळी कुणासाठी? तिकडच्यांना तर बाहेर यायचं नाहीय.”

“सायमा, तू मेली असतीस आज.”

“मग जागा जवळच होती.”

कोपऱ्यात कप विसळणाऱ्या हिल्यानं, तिच्या नणंदेनं, नळ बंद केला. “थट्टा पुरे. माझ्या भावानं वर्षानुवर्षं ती वाट काढली. एका शब्दानं कधी कुरकुरला नाही. तुला नाही झेपत तर नाही झेपत. त्यात लाज कसली?”

“नाही कुरकुरला,” सायमा म्हणाली, “म्हणून तर लवकर आडवा झाला.”

हिल्यानं नळ पुन्हा सोडला. 

त्या गावात नोव्हेंबरात जमीन गोठली की कुदळीला दाद देत नाही. हिवाळ्यात देवाघरी गेलेली माणसं दफनभूमीच्या टोकाला असलेल्या दगडी कोठीत, आपापल्या पेटीत, मे महिन्यापर्यंत थांबतात. चर्चच्या मागच्या दारापासून त्या कोठीपर्यंतची वाट सायमाचा नवरा आर्वो काढत असे, कारण कुणाची पेटी कधी न्यावी लागेल याचा नेम नसतो. डिसेंबरात त्या वाटेनं त्याचीच पेटी गेली.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यानं विचारलं होतं, “जमीन गोठली का गं?”

“गोठली.”

“म्हणजे मला तिथं थांबावं लागणार. एकट्याला.”

खाणीत उतरलेला, सरोवरात बुडता बुडता वाचलेला माणूस. त्याच्या तोंडून असं वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं त्याचा हात धरला. “एकट्याला कशाला? मी रोज येईन.”

तेव्हापासून तो तिचा नेम झाला. सकाळी उठायचं, तोंडात घास घालण्याआधी आर्वोचं बर्फ उडवायचं यंत्र बाहेर काढायचं, वाट मोकळी करत कोठीच्या लोखंडी दारापर्यंत जायचं, तिथं प्रार्थनेचं एक कडवं म्हणायचं आणि परत यायचं. यंत्र जुनं पण गुणी होतं. पुढच्या दातेरी रुळानं बर्फ गिळायचं आणि सोंडेतून लांब भिरकावायचं. खोड एकच. सायलेन्सरचं तोंड मागं, चालवणाऱ्याकडे. आर्वो ताडमाड उंच. धूर त्याच्या छातीवर यायचा. त्याच्या कोटाची उजवी बाजू काळी पडली होती आणि खोकला कोरडा, कायमचा. सायमा त्याच्या खांद्यालाही लागत नसे. त्याच्या छातीवर यायचा तो धूर हिच्या थेट नाकात जात होता. त्यात जानेवारी उजाडला, सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यानं बर्फाचे ढीग रचले, वाटेच्या दोन्ही भिंती तिच्या डोक्यावरून गेल्या. मग त्या चरात धूर आणि ती, दोघंच कोंडून राहू लागली, आणि एका सकाळी मधल्या वळणावर ती खाली बसली ती रुडीनं उचलेपर्यंत.

साखळी लागली तरी तिनं नेम सोडला नाही. पायांत बर्फावर चालायची पसरट जाळीदार पायताणं बांधून ती साखळीखालून वाकून जाई. पण वर ताजं बर्फ साचत होतं. चौथ्या दिवशी ती कमरेपर्यंत रुतली आणि बाहेर निघताना एक पायताण आतच राहिलं. त्या दिवशी कडवं अर्ध्या वाटेवरच म्हणावं लागलं. घरी आल्यावर तिला घास गिळवेना. रुडीला वाट उगाच बंद करायची नव्हती, हे तिला कळत होतं. पण आर्वोला दिलेला शब्द साखळीला कसा कळणार?

ती यंत्र ट्रकमागच्या गाड्यावर चढवून ट्रूडेलच्या गॅरेजात घेऊन गेली. ट्रूडेल बर्फावरच्या मोटारसायकली दुरुस्त करी आणि ज्याची दुरुस्ती करी त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय सोडत नसे.

“याचा धूर माझ्या तोंडावर येतो,” सायमा म्हणाली. “तो दुसरीकडे वळव.”

“आर्वोनं कधी वळवला नाही तो.”

“आर्वोनं खूप गोष्टी केल्या नाहीत. वळवतोस का मी दुसरीकडे जाऊ?”

“जा की. पुढचं गॅरेज सरोवराच्या पलीकडे आहे,” ट्रूडेल म्हणाला आणि पाना शोधायला वळला. त्यानं सायलेन्सरला लोखंडी एल्बो, म्हणजे काटकोनी जोडनळी, बसवून तोंड उजवीकडे बाहेर काढलं. अंगणात चालवून पाहिलं तर धूर कसा शहाण्यासारखा बाजूला निघून गेला. सायमानं देवाचे आभार मानले, ट्रूडेलचेही मानले.

दुसऱ्या दिवशी तिनं साखळी काढून खांबाला अडकवली आणि यंत्र चरात घातलं. धूर उजव्या भिंतीवर आपटला आणि विसरलेली छत्री न्यायला आलेल्या पाहुण्यासारखा लगेच परत आला. कपाळात पहिली कळ येताच तिनं इंजिन बंद केलं. या वेळी ती चालत बाहेर आली, साखळी पुन्हा होती तशी लावली आणि चर्चच्या मागच्या पायरीवर टेकली. डोळ्यांत पाणी आलं होतं. धुरानं आलं असावं.

“तू गिळत राहिलास,” ती कोठीच्या दिशेनं बघत म्हणाली. “मी नाही गिळणार. आणि यायचीही थांबणार नाही. बघच तू.”

समोर गावाच्या उतारावर, शनिवारी घरोघर तापणारा सॉना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, कुणीतरी शुक्रवारीच तापवत होतं. छपराच्या वर आलेल्या धुराड्यातून धूर निघत होता आणि झाकणाबाहेर पडल्या पडल्या वारा त्याला मानगूट धरून उचलून नेत होता. खाली अंगणात लहान मुलं खेळत होती. एकालाही ठसका लागत नव्हता.

सायमा कितीतरी वेळ त्या धुराड्याकडे बघत राहिली. मग उठली, घरी गेली आणि आपल्या सॉनाला शिडी लावली.

संध्याकाळी तिच्या हातातली काळी पन्हाळी नळी आणि वरचं झाकण पाहून ट्रूडेलनं चष्मा कपाळावर चढवला. झाकण आर्वोनं दुधाच्या जुन्या कॅनच्या बुडापासून ठोकून केलं होतं. ते सारा गाव ओळखत होता.

“भर हिवाळ्यात सॉनाचं धुराडं काढलंस? तुमच्या सॉनावाल्या लोकांत याला फाशी देत असतील.”

“दोरी गोठलेली असते म्हणून सोडतात. हे यंत्रावर बसव. उभं. माझ्या डोक्याच्या वर, भिंतींच्याही वर.”

“नुसता हा पत्रा हादऱ्यानं फाटेल.”

“मग न फाटेल असं कर.”

ट्रूडेल जरा वेळ नळी हातात फिरवत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं एल्बोला जाड लोखंडी नळी जोडून सरळ वर नेली. ती चांगली रुंद घेतली, नाहीतर इंजिनचा श्वास कोंडला असता. यंत्राच्या सांगाड्याला दोन ठिकाणी पट्ट्या मारून ती आवळली. सॉनाची नळी तिच्यावर बाहेरून चढवली, मध्ये फट ठेवली, म्हणजे हात लागला तरी भाजू नये. आणि सगळ्यांत वर, बर्फ आत पडू नये म्हणून, आर्वोचं झाकण.

दोघंही मागं सरून बघत राहिली.

“देवा रे,” ट्रूडेल म्हणाला, “एवढं कुरूप काही मी आजवर बनवलं नव्हतं.”

“मला त्याच्याशी लग्न नाही करायचं,” सायमा म्हणाली.

शनिवारी दुपारी हिल्या नेहमीसारखी टॉवेल काखेत मारून सॉनाला आली. छपराला भोक, भोकावर पालथी बादली, खाली गार पडलेले दगड. ती दारातच थबकली.

“हे काय केलंस गं?”

“मे महिन्यात परत बसवीन.”

“आर्वोनं स्वतःच्या हातानं बांधलेला सॉना! आमच्या आईच्या घरात युद्धाच्या दिवसांतसुद्धा शनिवार चुकला नव्हता. लोक काय म्हणतील?”

“लोकांना तुझ्याकडे आंघोळीला बोलाव.”

हिल्याचा चेहरा लाल झाला. आता ही दार आपटून जाणार असं सायमाला वाटलं. पण हिल्या आत आली आणि कोटासकट बाकावर बसली. वरच्या नाही, खालच्या. वरचा आर्वोचा. सायमा तिच्या शेजारी बसली. दोघींच्या तोंडातून वाफ येत होती. सॉनात वाफ तेवढीच. बादलीच्या कडेनं बर्फाचा चुरा झिरपून दगडांवर पडत होता आणि वितळत नव्हता.

“तो घाबरला होता, हिल्या,” सायमा हळूच म्हणाली. “शेवटी. म्हणाला, एकट्याला थांबावं लागणार.”

“आर्वो?”

“आर्वो.”

हिल्यानं टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. “हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“त्याला आवडलं नसतं.”

“नसतंच आवडलं.” हिल्यानं टॉवेलानं नाक पुसलं. मग एकदम तिचा नेहमीचा आवाज आला. “हे बघ, माझ्या निजायच्या खोलीत भिंतीवर ती डबी आहे, विषारी धूर आला की किंचाळणारी. उद्या प्रार्थनेनंतर ती गळ्यात बांधायची आणि सगळ्यांसमोर जायचं. ती किंचाळली तर वाट मेपर्यंत बंद. मग मला तोंड वर करून काही सांगायचं नाहीस. घे शपथ.”

“शपथ घेऊ नये. हो म्हणते, तेवढं पुरे. आणि नाही किंचाळली तर?”

“तर रुडीला मी बघते.”

रविवारी प्रार्थना संपली तरी कुणी घरी गेलं नाही. सगळे चर्चच्या मागच्या खिडक्यांशी कप घेऊन उभे. रात्रीतून ताजं बर्फ पडलं होतं. सायमा यंत्र घेऊन चर्चला वळसा घालून आली तेव्हा आतून हसण्याचा आवाज तिला इंजिनावरूनही ऐकू आला. कुणीतरी ओरडलं, “सायमा, पाणी तापलं का? आम्ही कपडे काढू?”

“काढ,” ती ओरडली, “गावाला तेवढीच करमणूक.”

हिल्यानं डबी तिच्या गळ्यात, हनुवटीखाली सुतळीनं बांधली. बांधताना तिचं तोंड चालूच होतं. “घट्ट होतंय? होऊ दे. डोकं दुखलं तर थांबायचं. शहाणपणा नको.” मग ती आत खिडकीशी गेली.

वाटेच्या तोंडाशी साखळीसमोर रुडी उभा होता.

“डबी किंचाळली तर मी आत येणार आणि तुला ओढून काढणार,” तो म्हणाला. “मग तू चाव नाहीतर ओरबाड.”

“शाळेत चावले होते ते विसरला नाहीस म्हणजे.”

“खूण आहे अजून.” तो हसला नाही. त्यानं स्वतःच साखळी काढली.

ती आत शिरली. दातेरी रुळानं बर्फ गिळायला सुरुवात केली, सोंडेतून पांढरा फवारा भिंतीपलीकडे जाऊ लागला. दहा पावलांत चर्च दिसेनासं झालं, माणसं दिसेनाशी झाली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती आणि वर आभाळाची एक अरुंद पट्टी. तिनं श्वास घेतला. थंडगार, कोरा श्वास. मान वर केली तर आर्वोच्या झाकणाखालून धूर निघत होता आणि भिंतीच्या वर पोचताच सरोवराचा वारा त्याला उचलून नेत होता. गळ्यातली डबी गप्प होती. मधल्या वळणावर, जिथं ती त्या दिवशी बसली होती, तिथं तिचे पाय आपोआप जड झाले. तिनं दांड्या आणखी घट्ट धरल्या आणि यंत्र पुढं रेटलं. बर्फात रुतलेलं तिचं पायताण सोंडेतून तुकडे तुकडे होऊन भिंतीपलीकडे उडालं. तिनं तिकडे बघितलंही नाही.

चर्चच्या खिडकीतून तेवढा वेळ फक्त झाकण दिसत होतं, असं हिल्या तिला नंतर सांगायची. खाली माणूस नाही, यंत्र नाही. आर्वोच्या हातचं ते झाकण तेवढं बर्फावरून धूर सोडत संथपणे कोठीकडे चाललेलं. हसणारे केव्हा थांबले ते कुणालाच कळलं नाही.

कोठीशी पोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं. शांतता इतकी होती की तापलेल्या नळीवर वितळणाऱ्या बर्फाचा चरचराट ऐकू येत होता. तिनं हातमोजा काढला, तळवा क्षणभर लोखंडी दाराला लावला आणि तो चिकटायच्या आत काढून घेतला.

“आले रे,” ती म्हणाली. “मध्ये चार दिवस दारापर्यंत नाही पोचले. आता पोचेन.”

तिनं कडवं म्हटलं. सगळं, सावकाश, एकही ओळ न गाळता. मग हातमोजा चढवला, दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि यंत्र वळवलं.

वाटेच्या तोंडाशी रुडी तसाच उभा होता, साखळी मनगटाला गुंडाळलेली. यंत्र जवळ आलं तेव्हा तो बाजूला झाला. बाजूला जागा नव्हती, म्हणून मांडीपर्यंत बर्फात शिरला. धुराडं त्याच्यासमोरून जाऊ लागलं तशी त्यानं डोक्यावरची लोकरी टोपी काढली, पेटी जाताना काढतात तशी, आणि छातीशी धरली. त्याच्या टकलावर बर्फ पडत होतं.

सायमा थांबली नाही. चर्चच्या पुढच्या पायऱ्यांशी भाड्याच्या ट्रकनं थोडं बर्फ तसंच सोडलं होतं, तिकडे तिनं यंत्र वळवलं.