मुकादमाची राख

मुकादम मेला त्या दिवशी घरात कुणालाच काही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळ्यांनाच सगळं सुचायला लागलं.

मुकादम म्हणजे कुत्रा. रंग विटकरी, एक कान उभा, एक पडलेला, आणि तोंडावर कायम अशी नाराजी की हे जग कुणी बांधलं ते समोर आणा. घर चिनीमातीची भांडी बनवणाऱ्यांचं. पुढे दुकान, मागे कारखाना आणि मधल्या चिंचोळ्या भागात माणसं. मोठी सून चाकावर भांडी घडवायची. तिचा नवरा भट्टी लावायचा. धाकटा दीर ग्लेझ द्यायचा. म्हणजे एकदा भाजलेलं भांडं पिठल्यासारख्या पातळ गाऱ्यात बुडवून काढायचा, दुसऱ्या आचेत त्या गाऱ्याची काच होते. सासूबाई दुकानात गल्ल्यावर बसून तिघांच्याही चुका काढायच्या. कुत्रा काही करायचा नाही. सकाळी चाकापाशी, दुपारी भट्टीपाशी, मग वाळत घातलेल्या भांड्यांच्या फळ्यांमधून एक फेरी. कुणाचं काम बिघडलं की नाकाने फुस्स करून पुढे जायचा. म्हणून मुकादम.

मोठीने त्याला गटारातून उचलून आणला होता, बोळ्याने दूध पाजून जगवला होता. म्हातारपणी त्याचे मागचे पाय गेले, तेव्हा मातीच्या गोण्या वाहायच्या ढकलगाडीत घालून तीच त्याला कारखानाभर फिरवायची, कारण फेरी चुकली की साहेब जेवायचे नाहीत. तेव्हा त्याचं पुढे काय करायचं हे ठरवायचा हक्क तिचा, हे उघड होतं. आणि जे उघड असतं त्यावरच लोकांना जास्त बोलायचं असतं.

"आपल्याच भट्टीत देऊ," नवरा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला भट्टीपलीकडे काही दिसायचं नाही, एवढंच.

"माझ्या भट्टीत?" सासूबाई गल्ल्यावरून उठल्याच. "ज्या भट्टीतून लोकांच्या ताटल्या निघतात, त्या भट्टीत कुत्रं? उद्या दुकानाला कुलूप घालू मग!"

शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या विजेच्या भट्टीत सगळं उरकलं. मोठी एकटी गेली, आणि राख घेऊन एकटी परत आली. दवाखान्यात पिशवी द्यायला लागले, ती तिला नको होती. तिने घरून दूध पावडरीचा रिकामा डबा नेला होता.

मग त्या डब्यावरून सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, मागच्या झाडाखाली पूर, झाडाला तरी उपयोग होईल. नवरा म्हणाला, छानशी झाकणाची बरणी करू, दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवू. नणंदेचा फोन आला, की नदीत सोड गं, त्याला पाणी आवडायचं. त्याला पाणी अजिबात आवडत नसे. आंघोळ म्हटली की तो कपाटाखाली जायचा, पण नणंदेला हे कोण सांगणार? समोरची शिंपीण तर उंबऱ्यात येऊन म्हणाली, "एवढं काय त्यात, कुत्राच तर होता." मोठीने तिला दारातूनच वाटेला लावलं. असली माणसं स्वतःच्या मोडक्या छत्रीसाठी आठवडाभर हळहळतात, आणि दुसऱ्याच्या जिवाला 'तर' लावतात.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" धाकट्याने एकदाच विचारलं.

"मला काही वाटेनासं झालंय," ती म्हणाली. "वाटायला जागा कुठे ठेवलीय तुम्ही लोकांनी?"

खरं तर तिच्या मनात बरणीच होती. रोज काम आटपलं की ती एक बरणी चाकावर चढवायची. एक फार उंच व्हायची, फुलदाणी वाटायची. एक फार गुबगुबीत, लोणच्याची वाटायची. हाताला सवय अशी की डोळे मिटून घडवली तरी दुकानात खपेल असंच काहीतरी निघायचं, आणि मुकादमाला खपेल अशा वस्तूत कोंबायचं तिच्या जिवावर यायचं. ती ओली बरणी मुठीत दाबून पुन्हा गोळा करायची. डबा तोवर कुठे ठेवायचा? सासूबाई घरात घेऊ देईनात, खोलीत नवऱ्याला झोप लागेना. तिने तो ग्लेझच्या खोलीतल्या फळीवर ठेवला. कोरडी जागा, उंच, कुणाचा पाय लागणार नाही.

आता या घरात राख ही काय चीज आहे ते सांगायला हवं. दुसऱ्यांकडे राख म्हणजे कचरा. इथे राख म्हणजे माल. लाकडाची राख, पेंढ्याची राख, खाटकाकडच्या हाडांची राख, सगळी चाळून, धुऊन, वाळवून ग्लेझमध्ये जाते, कारण प्रत्येक राखेची काच वेगळी होते. सासरे असताना त्यांनी दंडक घालून दिला होता की या घरात राख फेकायची नाही, फळीवर ठेवायची. त्यामुळे फळीवर सतरा डबे असायचे, कशावर चिठ्ठी, कशावर नाही. धाकटा बोटाच्या चिमटीत राख चोळून ओळखायचा आणि त्याला त्याचा केवढा तोरा!

तशात एका हॉटेलवाल्याने चहाच्या कपांची मोठी ऑर्डर दिली. दुधी रंग हवा, म्हणाला, पण कुणाकडे नसेल असा. मोठीने मान खाली घालून कप घडवले. कामात असलं की कुणी सल्ला देत नाही, हाही एक फायदा. नवऱ्याने पहिली भाजणी केली, धाकट्याने ग्लेझ दिलं, दुसरी आच लागली, आणि भट्टी निवल्यावर दार उघडलं.

कप बघायला चौघंही पुढे वाकली. साय धरलेल्या दुधात कुणीतरी निळ्या शाईचा एकच थेंब सोडावा तसा रंग. काठाशी तोच विटकरी होत गेलेला. आतून बघितलं की तळ दिसेना, नुसतं खोल खोल.

"अरे, हे काय केलंस तू!" सासूबाईंच्या तोंडून कौतुक निघालं. अशी गोष्ट त्या घरात कधी झालेली नव्हती. मोठीने एक कप उचलला, उजेडात फिरवला. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा उजळला.

"भाऊजी, काय घातलंत यात?"

धाकटा फुगला. "हाडाची राख. आपली संपत आली होती, पण वरच्या फळीवर एक भरलेला डबा सापडला. काय राख होती वहिनी! पांढरीशुभ्र, एकदम मऊ. खाटकाकडची कधी इतकी चांगली भाजलेली नसते."

"कुठला डबा?"

"तो दूध पावडरीचा."

नवऱ्याने भट्टीचं दार धरलं. सासूबाई खाली बसल्या. धाकट्याला अजून कळलं नव्हतं. तो तिघांकडे आळीपाळीने बघत होता, आणि मग हळूहळू त्याच्या तोंडावरचा तोरा पाण्यात मिठाचा खडा विरघळावा तसा गेला.

"तो… पण तो डबा घरात होता ना?"

"घरात तुम्ही कुणी ठेवू दिलात?" मोठी म्हणाली.

"वहिनी, मला मारा. खरंच मारा. मी चाळली, धुतली, मला वाटलं… फळीवरची राख होती हो!"

"किती उरलीय?"

"काही नाही. अंदाज बरोबर बसला," तो म्हणाला, आणि या वाक्याची आपल्यालाच लाज वाटून त्याने तोंड झाकून घेतलं.

मोठीच्या कानशिलात रक्त चढलं. कोपऱ्यात हातोडी होती, तिच्याकडे तिचं लक्ष गेलं, आणि ते गेलेलं तिघांनीही पाहिलं. धाकटा दोन पावलं मागे सरला. इतके दिवस बरणी जमत नाही म्हणून ती झुरतेय, आणि या गाढवाने चमच्याने ढवळून तिचा मुकादम कपांना फासला! तिने तोंड उघडलं ते चांगली आईमाईवरून सुरुवात करायला. पण सासूबाई खालूनच पुटपुटल्या, "म्हणजे शेवटी गेलाच म्हणायचा माझ्या भट्टीत."

आणि मोठीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. ती हातातला कप पोटाशी धरून वाकून हसत सुटली. नवऱ्याला आधी वाटलं रडतेय, तो पाठीवर हात फिरवायला गेला, आणि मग तोही हसायला लागला. धाकटा मात्र हसला नाही. परवानगी आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती.

हे सगळं होतंय तोवर हॉटेलवाला दारात. त्याची यायची वेळ नव्हती, पण ज्याला माल लवकर हवा असतो तो सांगून येत नाही. भट्टीसमोर मांडलेले कप बघून तो पायरीवरच थांबला.

"हेच! अहो, अगदी हेच. बांधा सगळे," म्हणत त्याने पुढे येऊन एक कप उचलला.

नवऱ्याने मोठीला बाजूला घेतलं. "बघ, जाऊ दे. त्याला काय कळतंय? आपण बोललो नाही तर कुणाला कळणार नाही."

"देऊन टाक," सासूबाईही कुजबुजल्या. "एवढी मोठी ऑर्डर आहे. नाहीतरी काय करायचं ते तुझं ठरत नव्हतंच."

हे मात्र तिला लागलं. ठरत नव्हतं ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. परक्या माणसांच्या टेबलावर मुकादम जाणार, कुणीतरी त्यात सिगारेट विझवणार, आणि ते कुणी ठरवलं? कुणीच नाही. आपोआप झालं. असंच होतं, बाईने ठरवायला वेळ घेतला की आजूबाजूचे लोक आपोआप करून मोकळे होतात, आणि वर म्हणतात तुझं काही ठरत नव्हतं.

ती हॉटेलवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. "हे कप विकायचे नाहीत."

"का? तडा आहे का?"

"तडा नाही. कुत्रा आहे."

हॉटेलवाल्याने आजूबाजूला पाहिलं. "कुठे?"

"तुमच्या हातात."

तिने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, गोड केलं नाही. हॉटेलवाल्याने हातातला कप झोपलेलं पोर खाली ठेवावं तसा फळीवर ठेवला आणि हात पँटला पुसला.

"हाडांची राख तर भल्याभल्या कपांत असते हो," धाकटा मध्येच बोलला. "बैलाची असते. बैल चालतो ना?"

"भाऊजी, तुम्ही आज बोलू नका."

"नाही बोलत."

हॉटेलवाला धंद्याचा माणूस होता. घाबरणं संपलं की त्याचा हिशेब सुरू व्हायचा. त्याने पुन्हा कपांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि विचारलं, "बरं, हे राहू द्या. पण पुढच्या वेळी… हाच रंग पुन्हा मिळेल का?"

"पुढच्या वेळी?" मोठी म्हणाली. "पुढच्या वेळी कोण मरायचंय?"

"माझ्याकडे बघू नका," सासूबाई म्हणाल्या.

यावर धाकट्याने स्वतःच परवानगी घेतली. तो इतका हसला की त्याला बादली धरून उभं राहावं लागलं. हॉटेलवालाही हसला, जरा उशिराने आणि जरा भीतभीत. साध्या दुधी रंगाचे कप पुन्हा करून द्यायचे, तेही धाकट्याने जागून, असं ठरलं. धाकट्याने लगेच मान डोलावली. त्याने त्या दिवशी काहीही कबूल केलं असतं.

"मग हे काचेच्या कपाटात ठेवू," नवरा म्हणाला. "रांगेने. वर एक दिवा लावू."

"कपाटात नाही."

"मग पुरणार का?" सासूबाईंनी विचारलं. "एवढा खड्डा कोण खणेल?"

"पुरायचे नाहीत. चहा प्यायचा."

"कशातून?"

"कपातून. कप कशाला असतात?" मोठी म्हणाली. "रोज वापरायचे. घासायचे, उपडे घालायचे. फुटले तर फुटले. तो काय जपून राहणारा होता? आणि आज पहिला चहा मीच टाकते, कुणी सांगायचं नाही किती साखर."

तिने चहा टाकला. ट्रे आणून माठाशेजारच्या बाकावर ठेवला. कुणी हात पुढे करेना. तिने स्वतःचा कप उचलला, तोंडाला लावला. गरम होता, चांगला होता. काठ ओठांना गुळगुळीत लागला. तिला काही अद्भुत वाटलं नाही, आणि वाटलं नाही म्हणून बरं वाटलं. मुकादम पायाशी असायचा तेव्हाही काही अद्भुत वाटायचं नाही. तो असायचा एवढंच.

नवऱ्याने घेतला. धाकट्याने कप आधी कपाळाला लावला, मोठीने डोळे वटारले तसा गुपचूप प्यायला. सासूबाईंनी ट्रेवर बराच वेळ नजर फिरवली.

"ज्यावर निळं जास्त आहे तो दे मला," त्या म्हणाल्या. "आणि साखर कमी आहे. सांगत नाही, नुसतं बोलले."

हॉटेलवाला अजून गेला नव्हता. मोठीने त्यालाही एक कप भरून दिला. त्याने डोळे मिटून पहिला घोट घेतला, मग उघड्या डोळ्यांनी सगळा संपवला. जायला उठला तेव्हा रिकामा कप त्याच्या हातातच होता.

"एक मागू? ऑर्डरमधला नको, विकतही नको. एकच. घरी ठेवेन, नीट ठेवेन."

"नाही."

"तुमच्याकडे तर ढीग आहे."

"असू दे."

"पण का?"

नवऱ्याने तोंड उघडलं. सासूबाईंनीही उघडलं. दोघांनाही काहीतरी सुचलं होतं, हे दिसत होतं. मोठीने दोघांकडे एकदा पाहिलं.

"माझी मर्जी," ती म्हणाली.

दोन्ही तोंडं आपापल्या कपांकडे वळली. हॉटेलवाल्याने तिघांकडे आशेने पाहिलं, कुठूनच मदत येत नाही म्हटल्यावर कप ट्रेमध्ये ठेवला, आणि मोठीने तो उचलून धाकट्यापुढे धरला. "घासा, भाऊजी. आणि फुस्स झालं नाही पाहिजे."