उभं भात

"आई, हात लावू नकोस सांगतोय ना! तलाठी फोटो काढून जाऊ दे, मग काय ते कर!"

प्रणित बांधावरून ओरडत होता. दगडाबाई मात्र, ऐकूच आलं नाही अशा थाटात, साचलेलं पाणी काढायला बांध फोडत होती. दिवाळी सरल्यावर पाऊस चार दिवस धिंगाणा घालून गेला होता. टिटवाळ्याजवळचं ते सगळं शिवार, कापणीला आलेलं भात, आडवं झालं होतं. शेजारच्या नव्या इमारतींतले लोक गॅलऱ्यांतून त्याचे व्हिडिओ काढत होते.

प्रणितचं अगदीच चुकत नव्हतं. पीक पडलेलं दिसलं तर पंचनामा, तरच भरपाई. पण तलाठी यायचा तीन दिवसांनी, तोवर भिजल्या दाण्याला कोंब फुटणार. आणि हे लाल भाताचं बियाणं गावात आता दगडाबाईकडेच उरलं होतं. बाकीच्यांनी दुकानातली पिशवी केव्हाच जवळ केली होती.

"भरपाईत ह्ये बियानं देतात काय रं?" ती म्हणाली. "नाय ना? मंग गप ऱ्हा, नायतर खाली उतर."

तो उतरला नाही. तणतणत डोंबिवलीला कामावर गेला.

तिने भाताचे चार-चार चूड, मुळासकटचे आडवे झुबके, उचलून एकमेकांना टेकवले आणि त्यांच्याच पातीने बांधत सुटली. बोटं चिरली, कंबरेने बंड पुकारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला रडूच कोसळलं. मग त्या रडण्याचाच राग आला आणि हात आणखी भरभर चालू लागले. एका कोपऱ्यातलं भात कुजलं. बाकी सगळं तिने उभं केलं.

तिसऱ्या दिवशी तलाठी आला आणि बुचकळ्यात पडला. "आजी, इथे नुकसान काय लिहू?"

प्रणित कानाशी लागला. "आई, दहा-बारा जुड्या सोड ना, फोटोपुरत्या. मी परत बांधतो."

"पाडून दाखवायला उभं नाय केलं मी," दगडाबाई तलाठ्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "लिवा सायेब, पीक हाय."

महिन्याभराने ग्रामपंचायतीबाहेर भरपाईची यादी लागली. प्रणित ती दोनदा वाचून घरी आला.

"आख्ख्या गावात एक तुझंच नाव नाहीये, आई."

दगडाबाई अंगणात वाळत घातलेल्या भातापाशी बसली होती. तिने एक दाणा उचलून दाताखाली धरला. तो कटकन् फुटला.

"सुकला," ती म्हणाली. "बियान्याची कनगी पुसून आन."