रविवारची शिकवणी

दीपकने फोन कट केला, मागे वळला, तर ट्यूब रिकामी.

ट्रकच्या टायरची काळी ट्यूब. नदीच्या मधोमध आपल्याच नादात गोल फिरत होती. पाच मिनिटांपूर्वी वैशाली तिच्यात दोन्ही हात अडकवून कडेला उभी होती. "कमरेच्या पुढं जायचं नाय," असं बायकोला बजावून तो रेंजसाठी बांधावर चढला होता. कंपनीतून फोन, उद्याची शिफ्ट बदलली म्हणून. एवढंच.

"वैशाली!"

काही नाही.

तो कपड्यांसकट आत शिरला. बुडी मारली. डोळ्यांसमोर नुसतं गढूळ, हाताला चिखल. परत बुडी. परत चिखल. वर आला तेव्हा छाती फुटायला आली होती. त्याला पोहायला चांगलं येतं. त्याच्या गावच्या, उमरठच्या डोहात तो शाळेत असल्यापासून दरडीवरून सूर मारतो. नदीत माणूस गेलं तर कुठे शोधायचं हेही त्याला माहीत होतं. पाणी खाली जातं. माणूसही खालीच जातं.

तो बाहेर पडला आणि खाडीच्या दिशेने पळत सुटला.

डोक्यात आईचा आवाज. महाडला मोठा पूर आला तेव्हापासून तिने हट्ट धरला होता, घरातल्या बाईमाणसालाही पवायला आलं पाहिजे. लग्नानंतर वैशाली म्हणाली, मला नाय येत. सगळे हसले. खाडीकाठच्या तुडीलची पोर आणि पवायला नाय येत! दिवाळीनंतर उमरठची नदी आटून डबकी होते, म्हणून दर रविवारी बाइकवरून तिच्या माहेरी. थंडीत गुडघ्याएवढ्या पाण्यात तिचे दात वाजायचे. शिमग्याला गळ्यापर्यंत आली. आता वैशाख लागला तरी ट्यूब सुटत नव्हती. आणि घरी परतलं की आई दारातच विचारायची, "आलं का गो?"

आज तिला काय सांगायचं?

वळणावर सासरा होता. भागोजी होडीच्या सावलीत जाळं शिवत बसला होता.

"मामा, वैशाली गेली! ट्यूब रिकामी हाय!"

भागोजीने डोळ्यांवर हात धरून नदीकडे पाहिलं.

"मग इकडं कुठं धावताय?"

"खाली गेली असंल ना!"

"खाली कशी जाईल? भरती लागलीय. पाणी वर चाललंय, दीपकराव."

दीपकने मान वळवली. ट्यूब मघापेक्षा कितीतरी वर गेली होती, महाडच्या बाजूला. आजवर ते नेहमी भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात उतरायचे. वेळ वैशालीच ठरवायची. त्याने कधी विचारलं नव्हतं. आज मात्र बाइक पंक्चर झाली आणि पोचायला उशीर झाला.

इतका वेळ तो उलटा पळत होता.

"मामा, उठा की!"

"उठतो," म्हणत भागोजीने गाठ दातांनी आवळली.

त्याला शिवी द्यायलाही दीपक थांबला नाही. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी पाय फाटत होते. दोघं उतरले होते ती जागा मागे पडली. पुढचं वळण आलं. आणि पलीकडच्या काठावर, खारफुटीच्या कडेला, कुणीतरी उभं राहून वेणी पिळत होतं.

तो पाण्याच्या कडेपर्यंत धावला.

तिने त्याला पाहिलं. हात तोंडावर गेला. मग तिने वर-खाली बघितलं, जणू एखादी होडी मिळेल. आणि पाण्यात उतरली.

"थांब! वैशाली, थांब!"

ती थांबली नाही. त्याच्याकडे नाही, त्याच्या बरंच खाली, खाडीकडे तोंड करून ती हात मारत होती. भरती तिला वर ढकलत होती आणि ती ढकलू देत होती. बरोबर त्याच्यासमोर येऊन ती काठाला लागली. फारसा दमही लागला नव्हता.

दीपक चिखलात बसला. खिशातून फोन काढला. फोनमधून पाणी ठिबकलं.

"कधीपासून येतं?"

"कळतंय तवापासून."

"मग हे सहा महिने?"

ती ओढणी पिळत राहिली.

"उमरठातनं दर रविवारी मला कोण सोडणार होतं? तुमी आठवडाभर कंपनीत. रात्री घरात सात माणसं." ओढणी झटकत म्हणाली, "आज पाणी इतकं भरलं होतं... राहवलं नाय. तुमचा फोन व्हायच्या आत परत येणार होते."

"मेलीस म्हटलं मी."

ती खाली बसली. ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या पायाचं रक्त धुवायला लागली. त्याने पाय ओढून घेतला. मग परत पुढे केला.

होडी वल्हवत भागोजी आला. मागे ट्यूब बांधलेली.

"ही घ्या तुमची शाळा, मास्तर."

पोलादपूर मागे पडेपर्यंत बाइकवर ट्यूब दोघांच्या मध्ये होती. चढ लागल्यावर तिने ती काढून खांद्याला अडकवली.

आई दारात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने वैशालीला वर-खाली न्याहाळलं.

"आज तरी आलं का गो?"

वैशालीने ट्यूब भिंतीला टेकवली आणि तिथेच बघत उभी राहिली.

"कसलं येतंय, आये," दीपक चप्पल काढत म्हणाला. "अजून घाबरते. पाऊस लागंपर्यंत जावंच लागंल."