सप्टेंबरातल्या मुद्दाम चुका

आइस हॉकीच्या मैदानाच्या कठड्यावर डोकं आपटून आठवडा झाला, तरी लेन ओस्टापिकला साधा दिवा सोसत नव्हता. आणि नेमकं आत्ताच वरच्या संघातला एक बचावपटू जायबंदी झाला आणि लेनला बोलावणं आलं. याच हाकेसाठी बाप दर हिवाळ्यात परसात पाणी ओतून त्याला सरावासाठी बर्फ करून देत आला होता. आता डॉक्टरबाईंची ती मेली संगणकावरची परीक्षा तेवढी आडवी होती: शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, आणि निकाल हंगामाआधीच्या निकालाशी जुळला तरच खेळा.

"घाबरतोस काय, लेका?" त्याच्या जोडीला खेळणारा डूगन म्हणाला. या मुरलेल्या गड्यानेच सप्टेंबरात कानमंत्र दिला होता, "हंगामाआधीच्या परीक्षेत ठोंब्यासारखा वाग. मुद्दाम चुका कर. मग पुढे डोकं फुटलं तरी निकाल तसाच दिसतो." सगळेच तसं करायचे. लेननेही तेव्हा हसत हसत निम्मे शब्द चुकवले होते.

आज मात्र त्याने जीव तोडून परीक्षा दिली. दातओठ खाऊन एकेक शब्द आठवला. घामाने निथळला.

डॉक्टरबाईंनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी लावले आणि हसल्या. "अगदी सप्टेंबरात होतास तसाच आहेस की! जा, खेळ."

दाराबाहेर डूगनने पाठीवर थाप मारली. "काय सोंग वठवलंस रे, वा!"

दिव्यापुढे हात आडवा धरत लेनने हेल्मेट उचललं. आज त्याने एकही चूक मुद्दाम केली नव्हती.